बहिऱ्या देवाच्या पाठीमागे

बाबांना जाऊन चौतीस दिवस झाले होते, तेव्हा तोकुजीकाका मला भाग्य आणायला धंद्याच्या देवाच्या, एबिसूच्या देवळात घेऊन गेले.

घेऊन गेले म्हणणं माझ्या सोयीचं आहे. मी सेहेचाळीस वर्षांची आहे, क्योतोच्या एका ग्रंथालयात नोकरी करते, कुणी हाताला धरून न्यावं असं माझं वय नाही. पर्समध्ये सहीऐवजी चालणारा माझा नोंदवलेला शिक्का घेऊन मी माझ्या पायांनी गेले. तो शिक्का मी उमटवणार होते की नाही, हे मात्र सकाळी घरातून निघताना मला ठाऊक नव्हतं.

आमच्यात आईवडिलांचं सुतक पन्नास दिवस. तेवढे दिवस देवळाच्या कमानीखालून जायचं नाही. हा नियम मला तोकुजीकाकांनीच शिकवला होता. आजी गेली तेव्हा मी चेंडू आणायला देवळाच्या आवारात शिरले, तर त्यांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं आणि रस्त्यात सगळ्यांसमोर विचारलं, "देवाला बाटवतेस?" मी सात वर्षांची होते. यंदा त्याच काकांनी फोनवर सांगितलं, "सुतक माणसाला असतं. दुकानाला नसतं. आपण दुकानातर्फे जातोय."

"दुकान चालत जाणार आहे का? जाणार मीच ना?"

"ग्रंथालयातली माणसं फार कीस काढतात बघ. माझं तर कधीच फिटलंय, भावाचं वीस दिवस असतं. प्रश्न तुझा आहे. आणि तुझा कधी देवावर विश्वास होता गं? ज्याचा विश्वास नाही त्याला विटाळ कसला!"

 काका नेहमी ज्या बाजूनं सोपं जाईल त्या बाजूनं बोलतात.

आमचं दुकान म्हणजे ओसाकाच्या एका जुन्या बाजारातली दोन दारांची जागा आणि मागे चुली. समुद्री शेवाळाची कोंबू नावाची रुंद, काळी, चिवट पट्टी येते, ती दोन वर्षं कोठारात मुरवायची, चौकोनी तुकडे करायचे आणि सोया सॉसमध्ये दिवसभर मंद आचेवर आटवायचे. भातावर दोन तुकडे घेतले की जेवण होतं. बाबांनी अठ्ठावन्न वर्षं कढईपुढे उभं राहून एवढंच केलं. काका बाहेरचं पाहायचे, म्हणजे लोकांबरोबर जेवायचे. दुकान दोघा भावांच्या नावावर होतं. बाबांचा भाग आता माझा झाला होता, आणि म्हणून माझ्या शिक्क्याला किंमत आली होती.

कादोवाकी नावाच्या कारखानदाराला आमच्या दुकानाचं नाव हवं होतं. नाव आणि दारावरची पाटी, बस. कढया नको होत्या, कोठार नको होतं, एकतीस वर्षं कढई ढवळणाऱ्या ओरिएसान तर नकोच होत्या. विमानतळावर जे चकचकीत डबे मिळतात, त्यांवर त्याला 'जुनं दुकान' छापायचं होतं. करार दहा जानेवारीलाच करायचा, एबिसूच्या सणाच्या दिवशी, देवाला सांगून, मग समोरच्या खानावळीत वरच्या मजल्यावर शिक्के, असं त्याचं म्हणणं होतं. मुहूर्ताशिवाय तो माणूस दातही कोरत नसे.

"आणि दादाचा होकार होता," काका दर वेळी शेवटी म्हणायचे. "वीस ऑक्टोबरला मी पर्सिमनची फळं घेऊन गेलो होतो. सगळं नीट सांगितलं. त्यानं मान डोलावली. बरोबर आहे, बरोबर आहे, असं दोनदा म्हणाला."

ते खोटं म्हणता येत नव्हतं, कारण ते बाबांचंच बोलणं होतं, शब्द न शब्द.

बाबा सहा वर्षांपासून बहिरे होते. उकळत्या कढईच्या आवाजात कानातलं यंत्र शिट्टी वाजवतं म्हणून ते त्यांनी चहाच्या डब्यात टाकून ठेवलं होतं. माणूस समोर बसला की ते त्याच्या तोंडाकडे पाहायचे, आणि तोंड हलायचं थांबलं की मान डोलावून म्हणायचे, "बरोबर आहे, बरोबर आहे." कुणाची गैरसोय होऊ नये एवढाच त्यात हेतू असे. गॅसवाल्याला म्हणायचे, मतं मागायला आलेल्याला म्हणायचे, टीव्हीलाही म्हणायचे.

मलाही म्हणाले होते. दोन वर्षांपूर्वी मी त्यांच्यासमोर बसून सांगितलं की माझा घटस्फोट झाला. तोंड हलायचं थांबलं. ते म्हणाले, "बरोबर आहे, बरोबर आहे. खा, गार होतंय." मी पुन्हा सांगायला हवं होतं. मोठ्यानं, त्यांच्या कानाशी जाऊन. पण ते शब्द एकदा उच्चारून माझा जीव थकला होता, आणि तेच ओरडून सांगायचं म्हणजे शेजाऱ्यांनाही सांगण्यासारखं. मी जेवले. त्यानंतर प्रत्येक भेटीत ते विचारायचे, "जावई बरे ना?" आणि मी मान डोलवायचे.

तर काकांना खोटं पाडणारी मी कोण?

नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात उत्तरेहून, होक्काइदोहून, एक पाकीट आलं. आम्हाला कोंबू पुरवणाऱ्या व्यापाऱ्यानं सांत्वनाची चिठ्ठी पाठवली होती आणि सोबत बाबांचं शेवटचं कार्ड, घरी असावं म्हणून. बाबांच्या हातचं, एकवीस ऑक्टोबरचं. 'येत्या उन्हाळ्यातला माल नेहमीइतकाच माझ्यासाठी राखून ठेवा. कोठार रिकामं करून घेतलं आहे. दोन वर्षं नीट मुरवेन.'

वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी. दुकान विकायला होकार दिल्याच्या दुसऱ्या दिवशी.

मी ते कार्ड काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ते वाचलं आणि परत दिलं. "सवय गं," म्हणाले. "म्हाताऱ्या माणसाचा हात आपला चालत राहतो. याचा काही अर्थ लावू नकोस, तुला अर्थ लावायची खोड आहे."

मी अर्थ लावला होता. पण अर्थ लावणं वेगळं आणि काकांच्या तोंडावर नाही म्हणणं वेगळं. आमच्या घरात नाही म्हणायची पद्धतच नाही. 'बघू या' म्हणतात, आणि सगळे समजतात. काकांना ते समजायचं नव्हतं. मी तीनदा 'बघू या' म्हटलं, आणि तीनही वेळा ते म्हणाले, "मग दहा तारखेला."

स्टेशनवर भेटल्याबरोबर त्यांनी मला बाजूला घेतलं. नवा ओव्हरकोट, नवा मफलर, गालांवर दाढीच्या साबणाचा वास.

"हे बघ, कादोवाकीसाहेबांनी विचारलं तर दादा अठरा नोव्हेंबरला गेला."

"आठ डिसेंबरला गेले."

"मला माहीत नाही का? मी होतो तिथे. पण साहेब पडले काटेकोर. पन्नास झाल्याशिवाय तुझ्यासोबत देवळात पाय टाकणार नाहीत. म्हणून अठरा नोव्हेंबर. आज चोपन्नावा दिवस. घरच्यांनीच मिळून अग्नी दिलाय, पेपरात छापलं नाही, कुणाला कळतंय?"

"एबिसूला?"

"तो बहिरा आहे," काका म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर हसले. मग मी हसत नाही हे पाहून त्यांनी हसणं आवरलं, कोटाची कॉलर नीट केली आणि पुढे चालू लागले.

कमानीखालून आम्ही गेलो नाही. काकांनी मला कडेच्या गल्लीतून, वाहनतळातून, कचऱ्याच्या डब्यांमागून आवारात नेलं. "कमान ओलांडली नाही म्हणजे हिशेबानं तू आत आलेलीच नाहीस," असं त्यांनी मला समजावलं. तिथे आमच्यासारखी आणखी दोन कुटुंबं होती, काळ्या कपड्यांतली, डब्यांमधून वाट काढत निघालेली. आम्ही एकमेकांना पाहून न पाहिल्यासारखं केलं. देवाला फसवायला निघालेली माणसं एकमेकांशी फार सभ्यपणे वागतात.

आत गेल्यावर मला जे वाटलं त्याला किळस म्हणणं जास्त होईल. बाजाराचा सण आहे आणि तो बाजारी आहे, यात तक्रार करण्यासारखं काही नाही. कर्ण्यावरून तेच एक गाणं वाजत होतं, धंदा वाढो, बांबू आणा, धंदा वाढो, बांबू आणा. बांबूची हिरवी फांदी फुकट मिळते. तिला लटकवायची सोनेरी नाणी, इवली तांदळाची पोती, कागदी मासा, हे सगळं विकत. सोनेरी टोप्या घातलेल्या मुली ती विकत होत्या. त्यांना शेकडो मुलींतून निवडतात, आणि निवडीचा निकष हसणं हा असावा, कारण त्या थंडीत ओठ निळे पडले तरी त्यांचं हसू जागचं हललं नव्हतं.

एका कोपऱ्यात गेल्या वर्षीच्या फांद्या टाकायची जागा होती. वर्षभर गल्ल्यावर मिरवलेलं भाग्य लोक तिथे लांबूनच फेकत होते, वाळलेल्या पानांसकट, कागदी माशांसकट, आणि हात झटकून नव्या रांगेत उभे राहत होते. मागच्या वर्षी ते फळलं की नाही, हे कुणी बोलत नव्हतं.

मुख्य दालनात गोठवलेला टूना मासा ठेवला होता, माणसाहून लांब. त्याच्या अंगावर नाणं चिकटलं तर पैसा आपल्याला चिकटतो. बँकेतले वाटावेत असे पुरुष, चांगल्या शिवणीच्या कोटातले, नाण्यावर फुंकर मारून, थोडी थुंकी लावून ते माशाच्या पोटावर दाबत होते. डोळ्याच्या जागी कुणीतरी नाणं बसवलं होतं. ते पाहताना मला वाटलं, हा मासा तरी मेलेला आहे, त्याला यातलं काही कळत नाही.

"तू लाव ना एक," काका म्हणाले.

"नको."

"तुझं काय जातं?"

तेवढ्यात कादोवाकी आले. पन्नाशीचे, बारीक, अतिशय स्वच्छ. त्यांच्याकडे पाहिलं की आपली नखं लपवावीशी वाटत. त्यांनी तीन वेळा वाकून नमस्कार केला, प्रत्येक वेळी थोडं अधिक.

"सातोएबाई, वडिलांचं कळलं. फार वाईट झालं. अठरा नोव्हेंबर ना?"

मी काकांकडे पाहिलं. काका माशाकडे पाहत होते.

"तुमच्या वडिलांच्या हातची चव आम्ही जपणार हं," उत्तराची वाट न पाहता ते म्हणाले. "आमच्या प्रयोगशाळेनं सगळं मोजलंय. आता चाळीस मिनिटांत तीच चव येते."

"त्यांना दहा तास लागायचे," मी म्हटलं.

"तेच ना! केवढे कष्ट बिचाऱ्यांचे!" त्यांच्या आवाजात खरीखुरी करुणा होती, आणि ती मला त्या थुंकी लावलेल्या नाण्यांहून असह्य झाली.

कादोवाकींनी सगळ्यांत मोठी फांदी घेतली. तिच्यावर इतकं लटकवलं की ती वाकली. मग चष्मा पुसायचा म्हणून त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि परत घ्यायची विसरले. अशा रीतीनं कादोवाकींचं वर्षभराचं भाग्य खांद्यावर घेऊन मी देवळाच्या मागच्या रांगेत उभी राहिले.

मागे जावंच लागतं. एबिसू म्हातारा आणि कानानं अधू, पुढून हात जोडलेले त्याला कळत नाहीत. म्हणून सगळे देवळाच्या पाठीमागे जातात, तिथल्या लाकडी फळीवर मुठी आपटतात आणि ओरडून सांगतात, आलोय बरं का, असं असं मागणं आहे. फळी मधोमध खोलगट झाली आहे. लहानपणी मी बाबांच्या खांद्यावर बसून ती बडवली होती, आणि ते मला काही विशेष वाटलं नव्हतं.

आज मी रांगेत पाऊण तास उभी होते आणि पाहत होते. पुढचा प्रत्येक माणूस फळीला तोंड लावून ओरडत होता. एकदा ओरडून समाधान झालं नाही तर पुन्हा. जीभ नीट वळवत, शब्द तोडून तोडून, सावकाश, जसं बहिऱ्याशी बोलायला हवं तसं. एका तरुणानं आपल्या न्हाव्याच्या दुकानाचा पत्ता तीन वेळा सांगितला, घर क्रमांकासह. एकाही चेहऱ्यावर कंटाळा नव्हता. बहिऱ्याशी कसं बोलावं हे या शहरात सगळ्यांना येत होतं. काकांना येत होतं, मला येत होतं. आम्ही ती कला फक्त घरी वापरली नव्हती.

कादोवाकींचा नंबर आला. त्यांनी आधी फळी ओल्या कागदानं पुसली, मग मूठ आपटली आणि कारखान्याचं नाव, आमच्या दुकानाचं नाव, आणि "दोघांचं शुभ होवो" असं खणखणीत आवाजात सांगितलं. काकांनी तर दोन्ही हातांनी बडवलं. "एबिसूसान! आमच्या दादाची इच्छा पूर्ण होतेय हो! ऐकलंत का? दादाची इच्छा!"

मग मी. मी फळीवर हात ठेवला. खालच्या बाजूनं ती गार होती, मधल्या खळग्यात मात्र आधीच्या मुठींची ऊब होती. मी पुटपुटले, "आले आहे."

मागून कुणीतरी माझ्या पाठीला बोट लावलं. ठेंगणी म्हातारी होती, डोक्याला रुमाल, अंगावरच्या ॲप्रनला तळणाचा वास. गल्लीत तळलेल्या वड्यांचं दुकान असणार.

"अगं बाई, असं कानगोष्टीसारखं काय बोलतेस? त्याला ऐकू येत नाही."

"हो, माहीत आहे."

"मग ओरड की. एकदा नाही ऐकलं तर दुसऱ्यांदा सांगायचं. त्यात काय लाजायचं? बहिरा आहे बिचारा, खुळा थोडाच आहे?"

तिनं हे सहज म्हटलं. मागे आणखी शंभरेक माणसं खोळंबली होती आणि तिला घाई होती, एवढंच. पण माझा हात आपोआप वर गेला. मी मूठ आपटली. दुसऱ्यांदा जोरात. तिसऱ्यांदा बोटांची कातडी सोलली.

"बाबा आठ डिसेंबरला गेले!" मी ओरडले. आयुष्यात मी इतक्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते, माझाच आवाज मला परका वाटला. "आज चौतिसावा दिवस! मी सुतकात आहे! त्यांना काकांचं बोलणं ऐकू आलं नव्हतं! दुकान विकायला माझा होकार नाही!"

कर्ण्यावरचं गाणं चालूच होतं, धंदा वाढो, बांबू आणा.  म्हातारी एक पाऊल मागे सरकली, आणि तिच्यामुळे तिच्या मागचाही, आणि त्याच्यामुळे त्याच्या मागचाही, असं ते रांगभर गेलं.

कादोवाकी बोटांवर मोजत होते. ओठ हलत होते.

"चौतीस?" त्यांनी काकांना विचारलं.

"साहेब, ती दुःखात आहे, तिला दिवसांचं भान..."

"चौतीस की चोपन्न?"

काका मफलरची गाठ सोडून पुन्हा बांधू लागले. कादोवाकींनी माझ्या खांद्यावरच्या फांदीकडे पाहिलं. सोनेरी नाणी माझ्या काळ्या कोटावर लोंबत होती.

"ही यांनी धरली होती," ते म्हणाले. मला नाही, स्वतःलाच. मग त्यांनी खिशातून ओल्या कागदांचं पाकीट काढलं आणि आधी तळहात पुसले, मग एकेक बोट, मग चष्म्याच्या काड्या. पाकीट संपलं तेव्हा त्यांनी मला वाकून नमस्कार केला, एकदाच, आणि अंतर ठेवून. "करार राहू दे," ते काकांना म्हणाले. "असल्या सुरुवातीनं नको. तुम्ही मला यांच्याशेजारी उभं केलंत, तोकुजीसान. देवापुढे."  मग ते घाईनं हात धुवायच्या टाकीकडे गेले. काकांनी मेलेल्या भावाची तारीख बदलली याचं त्यांना काही वाटलं नाही. बाबांना ऐकू आलं नव्हतं, हे तर त्यांनी विचारात घेण्यासारखंही मानलं नाही.

मी पाच वाक्यं ओरडले होते. सगळ्या देवळाला मधलं एकच ऐकू आलं.

आम्ही आलो तसेच कचऱ्याच्या डब्यांकडून बाहेर पडलो. फांदी मी येता येता जुन्यांच्या ढिगावर टाकली. वाहनतळात काका थांबले, सिगारेट काढली, पेटवली नाही.

"समाधान झालं?"

मी सोललेल्या बोटांना रुमाल गुंडाळला.

"पण बरं झालं एका अर्थी," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पूर्वपदावर येऊ लागला होता. "माझीच घाई झाली. सव्वीसला तुझे पन्नास पुरे होतात. त्यांना शांत होऊ दे. साकेची चांगली बाटली घेऊन जाईन, पाया पडेन. फेब्रुवारीतला एखादा दिवस काढू. काय?"

तेव्हा मला कळलं की काकांनीही ऐकलं नव्हतं. दहा पावलांवर उभे होते, कान शाबूत, तरीही. त्यांना ऐकू आली ती अडचण, आणि अडचणीवर उपाय असतो.

"काका," मी म्हटलं, "मी शिक्का देणार नाही."

"हो, आज नको, म्हणतोय ना मी."

"फेब्रुवारीतही नाही. पुढच्या वर्षीही नाही. माझा नकार आहे."

हा शब्द मी त्यांच्याशी कधी वापरला नव्हता. ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले, अगदी बाबा पाहायचे तसे.

"दादानं मान डोलावली होती."

"तुम्ही किती वेळा सांगितलंत त्यांना?"

"म्हणजे?"

"एकदा? दोनदा? कानाशी जाऊन सांगितलंत? कागदावर लिहून दाखवलंत?"

काकांनी सिगारेट ओठांतून काढली. एक गाडी मागे सरकत आली, आम्ही दोघं भिंतीला टेकलो, ती गेली.

"एकदा," ते म्हणाले. "मान हलली, मी उठलो. काय करणार? पुन्हा विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता."

त्यांनी हे इतक्या सरळपणे सांगितलं की मला क्षणभर त्यांचा तिटकारा करणं जमेना. मग जमलं. त्यांच्यासोबत माझाही. मीसुद्धा पुन्हा सांगितलं नव्हतं, कारण दुसऱ्यांदा सांगितलं असतं तर बाबांनी खाणं थांबवून माझ्याकडे पाहिलं असतं, आणि ते मला नको होतं.

"तिसऱ्यांदा सांगते," मी म्हटलं. "मी विकणार नाही."

"ऐकलं," काका म्हणाले. "ओरडू नकोस. ऐकलं मी." आणि सिगारेट परत पाकिटात घालत, "तू मूर्ख आहेस. दोन वर्षांत तुझं दिवाळं निघेल, मग माझ्याकडे येऊ नकोस." ते वळले. त्यांचं सुतक फिटलेलं होतं, त्यामुळे वळसा घालून मोठ्या कमानीखालून ते पुन्हा आत गेले, स्वतःसाठी वेगळी फांदी आणायला.

मी तिथेच उभी राहून दुकानात फोन लावला. ओरिएसाननी बऱ्याच वेळानं उचलला. मागे कढई रटरटत होती.

"मी सातोए. झालं नाही ते. विकत नाही आहोत."

पलीकडे उलथनं कढईच्या कडेवर आपटल्याचा आवाज आला.

"मग उद्या चूल पेटवायची?"

"पेटवा."

"आणि तोकुजीसान?"

"ते रागावलेत."

"ते असू दे. कढईपुढे कोण उभं राहणार? माझे खांदे गेलेत, मी एकटीनं दोन कढया ढवळणार नाही, आधीच सांगते."

"मी शनिवार-रविवारी येईन. बाकीचं नोकरीचं बघते."

"तुला ढवळता येतं?"

"नाही."

"शिकायला तीन वर्षं लागतात. तुझ्या बापाला पाच लागली."

"बरं."

"काय म्हणालीस? मोठ्यानं बोल, कढई वाजतेय."

"बरं म्हटलं!"

"मग उद्या शनिवारच आहे. साडेपाचला ये. आणि केस बांधून ये, गेल्या वेळेसारखी मोकळे सोडून येऊ नकोस, मला खाण्यात केस चालत नाही."